क्वीन मेरी, लाँग बीच : रिझर्व्हेशनवाल्याच्या नजरेतून

मुलीकडे कॅलिफोर्नियात आलो की डिस्नेलँडची टूम निघते. या खेपेला निक्षून सांगितलं, मला क्वीन मेरी दाखव. माझी सगळी नोकरी मुंबईत रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे गेली. बर्थ, कोटा, वेटिंग लिस्ट अंगात मुरलेलं. १९३६ साली साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला पहिल्यांदा निघालेलं हे जहाज १९६७ पासून इथे मुक्कामाला आहे, आता त्यात हॉटेल आहे. मला रस होता तो कुणाला कुठे बसवलं यात.

सुरुवातीचा तक्ता असा: सगळ्यात वरचा केबिन क्लास ७७६, टुरिस्ट ७८४, थर्ड ५७९. एकूण २१३९ प्रवासी आणि कर्मचारी अकराशेच्या घरात. दोन प्रवाशांमागे एक माणूस राबायला!

जहाजाचा मधला भाग सर्वांत कमी हलतो, तो केबिन क्लासला. टुरिस्ट मागे, जहाज ढकलणाऱ्या पंख्यांच्या थरथरीजवळ. थर्ड क्लास पुढच्या टोकाला, जिथे लाटेबरोबर वरखाली व्हावं लागतं. एसटीत चाकावरची सीट उरते ना, तसं. गंमत म्हणजे त्याच टोकाला वरच्या डेकवर अर्धगोल ऑब्झर्व्हेशन बार आहे. समोरचा समुद्र बघायची सगळ्यात झकास जागा, पण ती केबिन क्लासची. लाकूडकाम बघतच राहावं असं.

त्यांचं जेवणघर तर तीन डेक उंच. भिंतीवर अटलांटिकचा भलामोठा नकाशा, त्यावर काचेचं छोटं जहाज सरकत जायचं. जेवता जेवता आपण कुठवर आलो ते कळावं म्हणून. मी तिथेच रेंगाळलो. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, चला आता, इंजिनरूम राहिलीय." वरच्या वर्गाच्या न्हाणीघरात नळांना चार चाव्या: गोडं पाणी गरम-गार, खारं पाणी गरम-गार.

आणि मग युद्ध. जुलै १९४३ च्या एका फेरीत या जहाजावर १६,६८३ माणसं होती. २१३९ च्या तक्त्यात! बंकवर सैनिक पाळीपाळीने झोपायचे, पोहण्याचा तलाव कोरडा करून तिथेही बंक ठोकले होते. आमच्या उन्हाळी गर्दीचं मला उगाच कौतुक होतं.

मुक्कामाला मिळतात त्या खोल्या मुख्यतः वरच्या वर्गाच्या. थर्ड क्लासच्या केबिनमध्ये एक रात्र काढायला मी जास्त पैसे मोजले असते.

जिने बरेच आहेत, गुडघेवाल्यांनी घाई करू नये. मार्गदर्शकाबरोबरची फेरी घ्याच. नुसते फोटोच काढायचे असतील तर तिकिटाचे पैसे वाचवा, जहाज किनाऱ्यावरूनही छान दिसतं.