मेल सर्व्हर बेळगावातच ठेवायचा की क्लाउडवर?

निपाणी, चिकोडी, खानापूरला शाखा आणि १,२०० मेलबॉक्स असलेली संस्था धरा. प्रत्येकाला १० जीबी म्हणजे १२ टीबी. दुसरी प्रत ठेवली की २४, त्यावर इंडेक्स (मेल शोधण्याची सूची) आणि डिलीट केलेले मेल. ३० टीबीच्या खाली डिस्क मागवू नका.

स्वतःचा एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचं मेल सॉफ्टवेअर) सर्व्हर घ्यायचा तर मेलबॉक्स सर्व्हरला मायक्रोसॉफ्ट किमान १२८ जीबी रॅम सुचवते. एक पडला तर दुसरा चालावा म्हणून दोन सर्व्हर ठेवले तर कोरमसाठी, म्हणजे कोण चालू राहणार हे बहुमताने ठरायला, तिसऱ्या मशिनवर विटनेस (तिसरं मत) लागतोच. तो त्याच दोघांपैकी एकावर टाकता येत नाही. सगळ्यात जास्त फसगत लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदींच्या फाइलमध्ये होते. बॅकअप बंद पडला की जुने लॉग पुसले जात नाहीत, डिस्क भरते, डेटाबेस खाली येतो. बिघाड मात्र सर्व्हरचा वाटतो. शिवाय स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) आणि पीटीआर नोंद (त्या आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी) हवी, नाहीतर मेल थेट स्पॅममध्ये. पावसाळ्यातल्या वीजखंडासाठी यूपीएस, जनरेटर वेगळे.

क्लाउडवरच्या एक्स्चेंज ऑनलाइनच्या प्लॅन १ मध्ये ५० जीबीचा मेलबॉक्स मिळतो, हार्डवेअरची कटकट नाही. पण एका मेलबॉक्समधून दिवसाला १०,००० प्राप्तकर्त्यांचीच मर्यादा. सभासदांच्या नोटिसांना वेगळी सेवा लागेल. १०० एमबीपीएस पूर्ण वापरली तरी १२ टीबी वर चढायला ११ दिवस. खानापूरची लाइन तुटली की तिथला मेल थांबला. अर्थात सर्व्हर बेळगावात असता तरी तेच.

डोमेनमध्ये शहराचं २०१४ पूर्वीचं इंग्रजी नाव ‘बेलगाम’ (Belgaum) असेल तर तेही चालू ठेवा, जुन्या पत्त्यावर मेल येत राहतात.

सर्व्हर सांभाळणारी दोन माणसं कायमची नसतील, तर क्लाउडच.