सुरूर फाट्याजवळचं टपरीवजा गॅरेज आणि अडकलेला थर्मोस्टॅट

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढता चढता गाडीच्या तापमानाचा काटा थेट लाल पट्टीत. एसी बंद, हीटर फुल्ल, आणि कसेबसे घाट उतरून सुरूर फाट्यापर्यंत आलो. महिन्याभरापूर्वी पुण्यातल्या एका चकाचक गॅरेजने 'हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑईल वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलंय, 25,000 धरून चाला' म्हणून घाबरवलं होतं, त्यामुळे पोटात गोळा.

इथल्या काकांनी रेडिएटरच्या झाकणाला हातच लावू दिला नाही. "पाऊण तास थांबा, चहा घ्या. तोंड भाजायचंय का?" मग ऑईलचं झाकण उघडून बघितलं. पांढरा फेस नाही, म्हणजे ऑईलमध्ये पाणी मिसळलेलं दिसत नाही, गॅस्केट बहुधा शाबूत. इंजिन चालू करून रेडिएटरचे दोन्ही होज (रबरी पाइप) चाचपले: वरचा चटका देणारा, खालचा गारच. म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून पाण्याला रेडिएटरची वाट देणारा व्हॉल्व्ह) काढून, दोऱ्याला बांधून स्टोव्हवरच्या पाण्यात सोडला. पाणी खळखळलं तरी गडी ढिम्म. नवा सोडला तर व्हॉल्व्ह हळूच उघडला. हा प्रयोग बघण्यातच निम्मे पैसे वसूल!

रेडिएटरमधून निघालं ते गंजकं, चहाच्या रंगाचं पाणी. वर्षभर नळाचं पाणी ओतत होतो, चूक माझीच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून हवा नीट काढून दिली.

एकूण 1,850 रुपये. छापील बिल नाही, पार्ट साताऱ्याहून येईपर्यंत तीन तास गेले, बसायला एक मोडका बाक. येताना मुद्दाम थांबून बेल्टही बदलून घेतला.