मोहर्लीचा जंगल लॉज: सोयी उत्तम, गावाचा वाटा अर्धवट

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराच्या आसपास ‘पर्यावरणस्नेही’ म्हणवणारे अनेक लॉज आहेत. त्यांपैकी एका मध्यम आकाराच्या खासगी लॉजवर आम्ही मे महिन्यात मुक्कामाला होतो. त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण जे पाहिले ते थोड्याफार फरकाने शेजारच्या लॉजनाही लागू पडावे. खोल्या स्वच्छ आहेत, अंथरूण-पांघरूण चांगले आहे, चंद्रपूरच्या उन्हाळ्याला पुरे पडेल असे वातानुकूलन आहे आणि पहाटेच्या फेरीसाठी चहा वेळेवर मिळतो. दर चढे आहेत आणि त्या दरातला काही भाग जंगलासाठी व गावासाठी खर्च होतो, असे माहितीपत्रकात छापलेले आहे. म्हणून आम्ही तेवढीच बाब जरा बारकाईने पाहिली.

जेवणापासून सुरुवात करतो. पहिल्या रात्री पनीर, नूडल्स आणि कुठेही मिळेल अशी दाल होती. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात डोकावलो, तर भाजी चिरणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या सगळ्या बाया जवळच्या गावांतल्या निघाल्या. पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा होईल का, असे विचारताच एकीने उत्साहाने बेसन काढले आणि दुसरीने आमरसाबरोबर सरगुंडे (हातवळणीच्या वैदर्भी शेवया) करण्याचे कबूल केले. त्या दुपारचे जेवण संपूर्ण मुक्कामातले सर्वांत उत्तम होते. हे पदार्थ रोजच्या यादीत का नाहीत, याचे उत्तर मुख्य आचाऱ्याकडे नव्हते. तो बाहेरून आलेला होता आणि पाहुण्यांना हेच आवडते, असे त्याने ठरवून टाकले होते.

नोकऱ्यांचे चित्रही साधारण असेच आहे. माळी, पहारेकरी, साफसफाई आणि स्वयंपाकघरातील मदत ही कामे गावकऱ्यांकडे आहेत; स्वागतकक्ष, हिशेब आणि व्यवस्थापन यांवर मात्र शहरांतून आलेली माणसे आहेत. दहावी-बारावी झालेली मुले गावात आहेत, पण त्यांना संगणकावर बसवण्याआधी शिकवावे लागते आणि त्यासाठी थांबायची तयारी दिसत नाही. दुसरा प्रश्न हंगामाचा. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातील, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागातील, पर्यटन बंद असते आणि त्या काळात निम्म्याहून अधिक लोकांना घरी बसावे लागते, असे कर्मचाऱ्यांशी बोलताना कळले. गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील, म्हणजे बफर क्षेत्रातील, फेऱ्या पावसाळ्यातही बऱ्याच अंशी चालू असतात, त्यामुळे ठरवले तर काही लोकांना बाराही महिने ठेवणे अशक्य नसावे.

तरीही या नोकऱ्यांचे मोल कमी लेखता येत नाही. या भागात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मेमध्ये तेंदूपत्ता गोळा करायला लोक भल्या पहाटे जंगलात शिरतात, आणि वाघाशी गाठ पडण्याचा धोका त्याच वेळी मोठा असतो. लाकडासाठी जाणाऱ्यांचेही तेच. स्वयंपाकघरातल्या एका बाईने सांगितले की, पगार सुरू झाल्यापासून ती तेंदूच्या हंगामाला जात नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅसजोडणी मिळाल्याने तिचे सरपणासाठी जाणेही कमी झाले आहे. झाडाला पाटी लावणे किंवा खोलीत बांबूचा टूथब्रश ठेवणे यापेक्षा संवर्धनाला हातभार लागतो तो असा. वाघाने गुरे मारली किंवा रानडुकरांनी धान तुडवले, तरी गावाचा जंगलावर राग धरून राहू नये असे वाटत असेल, तर त्या जंगलातून गावात चार पैसे आले पाहिजेत.

या बाबतीत लॉजपेक्षा ताडोबाच्या फेऱ्यांची व्यवस्था मला अधिक भावली. जिप्सीत, म्हणजे फेरीच्या उघड्या गाडीत, गाइड घेणे बंधनकारक आहे, गाइड आसपासच्या गावांतले असतात आणि बऱ्याच जिप्सीही स्थानिक लोकांच्याच आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचे स्वतंत्र प्रतिष्ठान असते आणि प्रवेशशुल्कासारखे उत्पन्न त्याच्याकडे जमा होऊन प्रकल्प व परिसरासाठी वापरता येते. आमच्या फेरीत लॉजचा निसर्गतज्ज्ञही सोबत होता. तो इंग्रजीत वाघांची वंशावळ सांगत असताना गाइडने हात वर करून गाडी थांबवली: डावीकडच्या बांबूतून चितळाचा इशारा आला होता आणि पाठोपाठ वानर खोकले. वाघीण बाहेर येईपर्यंत गाइड एक शब्दही बोलला नाही. असा माणूस लॉजने स्वतःच्या पगारपत्रकावर निसर्गतज्ज्ञ म्हणून का घेऊ नये, हे मला खरोखर समजले नाही.

पाणी आणि प्रकाश यांबाबत गुण कमी द्यावे लागतील. छतावर सौर पॅनेल आहेत, सांडपाणी केळी आणि कर्दळीच्या वाफ्यांतून गाळून बागेला जाते, प्लास्टिकच्या बाटल्या नाहीत. हे सारे चांगले. पण मे महिन्यात कूपनलिकेच्या पाण्यावर भरलेला पोहण्याचा तलाव शोभत नाही, आणि आवारातले उंच दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात. चारही बाजूंनी तारेचे कुंपण आहे. बफर हेही वन्यप्राण्यांच्या येण्याजाण्याचे क्षेत्र आहे. तेथे सलग कुंपणे उभी राहिली, तर मधल्या वाटा एकेक करून बंद होत जातील. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पर्यटनाला गाभा क्षेत्राच्या २० टक्के भागाची मर्यादा घातली, तेव्हा साहजिकच लॉजांचा सारा भार बफरवर आला आहे.

एकंदरीत, कुटुंबासह जाणाऱ्यांना येथे राहायला हरकत नाही. आमच्याकडून पाचापैकी साडेतीन गुण. आरक्षणापूर्वी व्यवस्थापकाला दोन प्रश्न विचारावेत: पावसाळ्यात किती स्थानिक कर्मचारी कामावर राहतात आणि गावातला माणूस कोणत्या पदापर्यंत पोहोचला आहे. गोलमोल उत्तर मिळाले, तर मोहर्ली परिसरातील घरगुती निवासांचा विचार करावा. तेथे वातानुकूलन साधे असते, पण भाडे थेट घरमालकाच्या हातात पडते. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते आणि तेथे फेरीला मोबाइल नेता येत नाही, हे लक्षात घेऊनच मुक्काम आखावा.