गरोदरपणातली किडनीची गाठ: एम्बोलायझेशनची सोय कशी पारखावी

अँजिओमायोलिपोमा ही चरबी, स्नायू आणि वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांची, कर्करोग नसलेली गाठ. एकदा फुटली की पोटामागे भळाभळा रक्त साचतं. ४ सेंमीपेक्षा मोठी गाठ किंवा आतल्या धमनीला ५ मिमीहून मोठा फुगवटा असेल तर धोका जास्त. गरोदरपणात रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, म्हणून त्याहून लहान गाठीलाही निर्धोक समजू नये.

मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून, एक्स-रेवर बघत गाठीची धमनी बंद करायची, हे एम्बोलायझेशन. किडनी वाचते, पोट फाडावं लागत नाही. उपचार म्हणून पसंती याला, आणि ती रास्तच. बाईला उजव्या कमरेखाली उशी देऊन डावीकडे कलवतात, नाहीतर गर्भाशयाच्या भाराने मुख्य शीर दबून रक्तदाब पडतो. पोटावर शिशाचं एप्रन घातलं का, हे घरचे हमखास विचारतात. त्याचा उपयोग थोडाच, कारण बाळापर्यंत पोचणारे किरण मुख्यतः आईच्या शरीरातूनच विखुरलेले असतात. किरणांचा झोत अरुंद आणि एक्स-रे चालू ठेवण्याचा वेळ कमी ठेवणं महत्त्वाचं. बाळाला मिळणारा किरणांचा डोस ५० मिलिग्रेच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आत राहिला तर व्यंगाचा धोका वाढल्याचं दिसत नाही. नंतर काही दिवस ताप आणि कुशीत दुखणं येतं. त्यावर पॅरासिटामॉल द्यावं. २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळाव्यात.

सेवा कमी पडते ती निदानात. प्रसूतीच्या सोनोग्राफीत सगळं लक्ष बाळावर, आईची किडनी बघतंय कोण? मग कुशीत कळ आली की मुतखडा म्हणतात, हिमोग्लोबिन घसरलं की वार सुटली म्हणतात. गर्भाशय मऊ आहे, वार जागेवर दिसते आणि नाडी मात्र धावतेय, तर सोनोग्राफीचा प्रोब किडनीवर न्यायलाच हवा. शंका राहिली तर गॅडोलिनियमशिवाय (शिरेतून द्यायचं रंगद्रव्य न वापरता) एमआरआय.

सिझेरियन मात्र निव्वळ गाठ आहे म्हणून करत नाहीत. दोन्ही किडन्यांत गाठी असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिसची (अनेक अवयवांत गाठी करणारा जनुकीय आजार) तपासणी करावी. त्यावरचं एव्हरोलिमस हे औषध गरोदरपणात देत नाहीत.

रुग्णालय निवडताना फोनवर तीनच गोष्टी विचारा: इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (एम्बोलायझेशन करणारे डॉक्टर) रात्री दोनला येतात का, रक्तपेढी आवारातच आहे का, आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) किती आठवड्यांच्या बाळाला घेतं. पहिल्याला "बघून सांगतो" असं उत्तर आलं, तर मोठी गाठ असलेल्या बाईने तिथे नाव नोंदवू नये.