रक्त तपासणी केंद्र: अहवाल चोख, वागणुकीबद्दल तक्रार

माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारासाठी क्लोझापिन हे औषध घेतो. आधीच्या दोन औषधांनी गुण आला नाही, तेव्हा डॉक्टरांनी ते सुरू केले. या औषधाने क्वचित कधी रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला आणि पुढे अंतर वाढवत रक्त तपासावे लागते. त्यासाठी दीड वर्ष आम्ही ज्या केंद्रात जात आहोत, त्याचा हा अनुभव आहे.

तपासणीच्या कामात खोट काढायला जागा नाही. सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडतात, नळीवर नाव तिथल्या तिथे लिहितात आणि अहवाल त्याच संध्याकाळी देतात. एकदा पेशींचा आकडा कमी आला, तेव्हा त्यांनी स्वतःहून फोन करून कळवले होते.

माझी तक्रार वागणुकीबद्दल आहे. पहिल्या दिवशी चिठ्ठीवरचे मानसोपचारतज्ज्ञांचे नाव वाचेपर्यंत काउंटरवरचे गृहस्थ भावाला "या, बसा" म्हणत होते. ते वाचल्यावर त्यांनी त्याच्याकडे पाहणेच सोडले आणि मला विचारले, "याला धरून बसाल का? एकदम काही करणार नाही ना?" आत रक्त घेणाऱ्याने सुयांचा ट्रे टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला सरकवला. माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे आणि तो बाही दुमडून, हात पुढे करून शांत बसला होता. 'तुम्ही'चे 'याला' झालेले त्याने नीट ऐकले होते.

या आजाराची माणसे इतरांवर हात उगारण्यापेक्षा स्वतःच मारहाणीला आणि फसवणुकीला बळी पडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. 'छिन्नमनस्कता' या त्याच्या मराठी नावामुळे अनेकांना एका देहात दोन माणसे असल्यासारखे वाटते, तेही चूक आहे. जपानमध्ये आजाराचे जुने नाव असेच 'मन दुभंगण्याचा आजार' अशा अर्थाचे होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून ते २००२ मध्ये बदलण्यात आले.

पुढच्या आठवड्यात भावाने केंद्रात यायला नकार दिला. तपासणी चुकत राहिली तर डॉक्टर औषध पुढे देऊ शकत नाहीत, आणि ते अचानक थांबले तर लक्षणे पुन्हा उफाळून येतात. त्याची समजूत काढायला मला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी त्या केंद्राच्या खात्यावर मांडते.

मी लेखी तक्रार दिली. व्यवस्थापकांनी ती वाचून दिलगिरी व्यक्त केली, पण काउंटरवरची पद्धत फारशी बदललेली नाही. फरक पडला तो रक्त घ्यायला नव्याने आलेल्या एका ताईंमुळे. त्यांनी चिठ्ठी पूर्ण वाचली, ट्रे होता तिथेच ठेवला आणि थेट भावाला विचारले, "तुमची शीर कोणत्या हाताला लवकर सापडते?" त्याने डावा हात पुढे केला आणि मागच्या वेळी उजव्या हाताला दोनदा टोचावे लागले होते, हेही आपणहून सांगितले.

अहवालासाठी पाचपैकी पाच, वागणुकीसाठी दोन. त्या ताई सोमवारी आणि गुरुवारी सकाळी असतात. आम्ही आता त्याच दिवशी जातो.