ईसीजीवालं स्मार्टवॉच, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

बाबांसाठी घेतलेलं हे घड्याळ. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, ते परत लिहीत नाही. लिहायला बसलोय ते बाजूच्या बटणामुळे. ईसीजी काढायला त्यावर दुसऱ्या हाताचं बोट ३० सेकंद टेकवून बसायचं आणि नेमकं तेच बटण मधूनच बोट ओळखत नाही. सर्व्हिस सेंटरने पुसून, रीसेट करून परत दिलं, वर म्हणे बोट कोरडं असेल. अहो, ७२ वर्षांच्या माणसाची बोटं कोरडी असणारच, आणि हे फीचर त्याच वयाच्या लोकांना विकता ना?

कधी रीडिंग पूर्ण झालं तरी "निष्कर्ष नाही". हात हलला, स्ट्रॅप सैल असला, नाडी फार वाढली की हेच. बाबांना मधूनच धडधडायचं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं नॉर्मल, तिथला ईसीजी दर वेळी स्वच्छ. म्हणून तर घड्याळ घेतलं, आणि धडधड चालू असताना ते असं उत्तर देणार म्हटल्यावर पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं.

पण इथे मत बदललं. तशाच एका रीडिंगची पीडीएफ डॉक्टरांना दाखवली, त्यांनी पट्टी मोठी करून बघितली आणि म्हणाले, पी वेव्ह (प्रत्येक ठोक्याआधीची छोटी लाट) दिसत नाहीत, ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं, हे एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे ठोक्यांची लय बिघडणं) आहे. घड्याळाचा निकाल काहीही येवो, ३० सेकंदांची स्पष्ट पट्टी डॉक्टरांनी वाचली तर त्यावर निदान होतं. त्यामुळे रीडिंग डिलीट करू नका, प्लीज!

मग इको (हृदयाची सोनोग्राफी, व्हॉल्व्ह बघायला), थायरॉइड वगैरे झालं आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. एएफमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, डाव्या बाजूच्या छोट्या पिशवीत रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की स्ट्रोक. धोका साधारण पाचपट. गोळी द्यायची का हे ठोक्यांवर नाही, वय आणि बाकीच्या आजारांच्या गुणांवर ठरतं: बाबांचा वयाचा १, बीपीचा १, डायबेटीसचा १, झाले ३. दोन किंवा जास्त गुण झाले की गोळी लागतेच. ॲस्पिरिनवर भागत नाही, ते मी मुद्दाम विचारलं.

आणि आता माझी खरी तक्रार, बटणापेक्षा मोठी. घड्याळ हिरव्या अक्षरात "सामान्य" दाखवतं आणि बाबा म्हणतात, आज ठीक आहे, गोळी राहू दे. त्यांची गोळी दिवसातून दोनदा घ्यायची, असर लवकर उतरतो, एक-दोन डोस चुकले तरी संरक्षण जातं. ठोके आज सरळ पडतायत म्हणून स्ट्रोकचा धोका संपत नाही, हे त्या निकालाखाली ठळक लिहायला कंपनीचं काय जातं? हार्ट ॲटॅक ओळखत नाही हे मात्र लिहिलंय, आणि ते बरोबरच आहे, छातीत दुखलं तर घड्याळ बघत बसू नका.

बटणाची दुसरी तक्रार टाकलीये. वॉरंटीत बदलून दिलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वेळी दोन्ही हातांची बोटं ठेवायचं ते छोटं ईसीजी यंत्र घेणार, रोज चार्जिंगची कटकट तरी नाही.