चार दात्यांचा फोर्क: आठ महिने, मुसळी आणि शतावरी

पाऊस लागायच्या आधी माती खणायचा हा फोर्क घेतला, तो एकाच कारणासाठी. सफेद मुसळी कुदळीने काढताना होणारी मोड बघवत नव्हती. मुसळीच्या बोटांसारख्या मुळ्या वरच्या चकतीला लोंबतात आणि कोंब फुटतो तो त्या चकतीवरच. चकतीपासून सुटलेली मुळी सोलून वाळवता येते, पण बेणं म्हणून ती गेलीच.

दाते घडीव आहेत, पत्र्यातून कापलेले नाहीत. सुरुवातीला वाफे भुसभुशीत करण्यापलीकडे काम नव्हतं, म्हणून मत देण्याची घाई केली नाही. पानं पिवळी पडून गळाली, मग कंदांची साल काळपट होईपर्यंत ते जमिनीतच ठेवले आणि त्यानंतर काढणीला बसलो.

पहिल्या ओळीत माझीच चूक. माती कोरडी होती. पायाने दाबून दांडा मागे ओढला, तर ढेकूळच्या ढेकूळ उचललं गेलं आणि मुळ्या आतल्या आत तुटल्या. कुदळीत आणि यात काय फरक, असं म्हणून फोर्क ठेवूनच देणार होतो. मग हलकं पाणी दिलं आणि तिसऱ्या दिवशी वापसा आल्यावर, म्हणजे माती ना कोरडी ना चिकट अशी झाल्यावर, पुन्हा लावला. घड अलगद वर आला. जरा हलवला की माती दात्यांमधून गळते आणि हातात चकतीसकट अख्खा झुपका! ओल्याचिंब मातीत मात्र दाते लिंपून जातात, तिथे हा काही कामाचा नाही.

शतावरी दुसऱ्या वर्षातली होती. तिची मुळं आडवी पसरतात, म्हणून बुंध्यापासून हातभर लांबून चारही बाजूंनी सैल करत आत यायचं. वेल आधी छाटून घ्या, नाहीतर काटे बोलतात. लाल झालेली फळं बियाण्यासाठी त्याआधीच तोडून ठेवली होती.

एका ठिकाणी दगड लागला. मी फोर्कची पहार केली आणि एक दाता वाकला. पाइपात घालून सरळ केला, पण शेजारच्या दात्यांशी तो आता जुळत नाही. हे माझ्या माथी. दांड्याची तक्रार मात्र बनवणाऱ्याकडेच जाते. पावसाळा संपून लाकूड सुकलं तसा तो खोबणीत खुळखुळायला लागला. पाचर ठोकली, जवसाचं तेल पाजलं, तेव्हा बसला.

दांड्यासाठी एक तारा कापून पाचपैकी चार. बेण्याची टोपली यंदा भरली आहे, पुढच्या पावसाला एक वाफा वाढवावा लागेल.